फिशर : लाजेपोटी चिघळणारे दुखणे

डोके दुखले, पोट बिघडले, तर माणूस शेजाऱ्यापाशीही बोलून दाखवतो. शौचाच्या जागी दुखते, हे मात्र घरातल्या माणसालाही सांगवत नाही. त्यातून वय विशी-पंचविशीचे असेल, मुक्काम वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत असेल आणि नोकरी नवी असेल, तर हे दुखणे आठवडेच्या आठवडे मनातच राहते. फार झाले तर औषधाच्या दुकानात हळू आवाजात ‘मूळव्याधीचे मलम’ मागितले जाते. अनेकदा ही मूळव्याध नसतेच. गुदद्वाराच्या कडेला पडलेली ती एक लहानशी चीर असते. डॉक्टर तिला ‘अ‍ॅनल फिशर’ म्हणतात आणि बोलताना नुसते ‘फिशर’.

ही चीर ताजी असताना योग्य आहार, पुरेसे पाणी आणि साधी औषधे एवढ्यावर बरी होण्याची शक्यता चांगली असते. तीच दोन-तीन महिने अंगावर काढली, तर तिच्या कडा कठीण होतात, ती भरून येईनाशी होते आणि गोष्ट शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. म्हणून या आजारात औषधाइतकेच महत्त्व वेळेला आहे.

फिशर म्हणजे नेमके काय?

गुदमार्ग हा आतड्याचा शेवटचा, जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याच्या आतील भागाला वेदनेची जाणीव जवळजवळ नसते. बाहेरच्या भागावर मात्र त्वचेसारखे अस्तर असते आणि तेथे संवेदना नेणाऱ्या नसांचे दाट जाळे असते. फिशर पडते ते या बाहेरच्या भागात. त्यामुळेच काही मिलिमीटरची चीर माणसाला रडकुंडीला आणते.

बहुतेक वेळा कडक, मोठ्या आकाराचा मल जोर लावून बाहेर पडताना ही चीर पडते. वारंवार होणाऱ्या जुलाबांमुळेही ती पडू शकते. सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये ती मागच्या बाजूस, माकडहाडाच्या दिशेने असते. स्त्रियांमध्ये, विशेषतः बाळंतपणानंतर, पुढच्या बाजूसही ती आढळते.

लक्षणे सहसा स्पष्ट असतात. शौचाच्या वेळी काच चिरत गेल्यासारखी तीव्र वेदना होते. त्यानंतर काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत ठणका किंवा आग होत राहते. मलावर ताज्या लाल रक्ताची रेघ दिसते किंवा चार थेंब पडतात. जुन्या फिशरमध्ये चिरेच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा लहानसा कोंब तयार होतो. हाताला लागणारा हा कोंब ‘मूळव्याधीचा मोड’ समजून अनेकजण भलत्याच उपचारांच्या मागे लागतात.

मूळव्याध, भगंदर आणि फिशर

आपल्याकडे या जागेच्या प्रत्येक तक्रारीला ‘मूळव्याध’ असे एकच नाव दिले जाते. प्रत्यक्षात तीन आजार वेगळे आहेत. मूळव्याधीत गुदमार्गातील रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगतात. आतील मूळव्याधीतून रक्त जाते, पण सहसा दुखत नाही. भगंदरात गुदमार्गापासून बाहेरच्या कातडीपर्यंत एक नळीसारखा मार्ग तयार होतो आणि त्यातून पू किंवा पाणी झिरपत राहते. फिशरमध्ये दुखणे मुख्य आणि रक्तस्राव थोडा असतो. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लावत बसल्याने वेळ जातो आणि वेळ गेला की फिशर जुने होते. साधारण सहा ते आठ आठवड्यांपेक्षा अधिक काळ टिकलेल्या चिरेला जुनाट फिशर म्हणतात.

न भरणाऱ्या जखमेचे कारण

शरीरावरील इतर ओरखडे चार दिवसांत भरतात, मग हीच चीर महिनोन्महिने का राहते? याचे उत्तर गुदद्वाराभोवतीच्या स्नायूंमध्ये आहे. येथे दोन वर्तुळाकार स्नायू असतात. बाहेरचा आपल्या इच्छेने आवळता येतो. आतला मात्र आपोआप आवळलेला असतो आणि त्यावर आपला ताबा नसतो. चीर पडून वेदना झाली की हा आतला स्नायू अधिकच आवळला जातो. गुदद्वाराच्या मागच्या बाजूचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा असतो. स्नायू आवळल्याने तो आणखी कमी होतो आणि पुरेसे रक्त न मिळाल्याने जखम भरत नाही.

याच्या जोडीला मनातली भीती येते. कालच्या वेदनेच्या आठवणीने रुग्ण आज शौचाला जाणे टाळतो. थांबलेल्या मलातील पाणी आतडे शोषून घेते, तो अधिक कडक होतो आणि पुढच्या वेळी तीच चीर पुन्हा फाटते. काहीजण तर शौच होऊच नये म्हणून जेवण कमी करतात. त्याने मलाचे प्रमाण घटते, पण बद्धकोष्ठ वाढते. वेदना, भीती, रोखून धरणे आणि पुन्हा वेदना हे दुष्टचक्र तोडणे, हेच फिशरच्या प्रत्येक उपचाराचे उद्दिष्ट आहे.

तरुणांनाच अधिक त्रास का?

फिशर कोणत्याही वयात होऊ शकते. लहान मुलांनाही होते. तरी त्याचे रुग्ण प्रामुख्याने तरुण आणि मध्यम वयाचे असतात, आणि स्त्री-पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण जवळपास सारखे असते. तरुण वयात आतल्या स्नायूचा ताण चांगला असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण दिनक्रमात सापडते.

मेसचे जेवण म्हणजे बहुधा भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी. बाहेरचे खाणे म्हणजे मैदा. रात्री उशिरापर्यंत अभ्यास किंवा काम, सकाळी घाईने बाहेर पडणे आणि शौचाची भावना झाली तरी ‘नंतर पाहू’ म्हणणे, हा अनेकांचा नेम असतो. दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्या मुलांना आणि विशेषतः मुलींना स्वच्छ स्वच्छतागृह मिळत नाही. मग पाणीच कमी प्यायले जाते. त्यात नागपूरचा उन्हाळा. मे २०१३ मध्ये शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत घामावाटे गेलेले पाणी भरून काढले नाही, तर मल कडक होणारच.

काही औषधांनीही बद्धकोष्ठ होते. रक्तक्षयासाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या आणि कोडीनसारखी वेदनाशामके ही त्याची नेहमीची उदाहरणे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून त्यात बदल करून घ्यावा. गुदमैथुनामुळेही अशी चीर पडू शकते. डॉक्टरांनी त्याविषयी विचारल्यास संकोच न करता खरे सांगावे. उपचार ठरवण्यासाठी त्यांना ही माहिती लागते.

तिखटाचा प्रश्न आणि नागपूरचे संशोधन

तर्री-पोहे आणि सावजी रस्सा यांच्या शहरात फिशरच्या रुग्णाचा पहिला प्रश्न असतो, तिखट सोडावे लागेल का? या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास नागपुरातच झाला आहे. गुदविकारांचे येथील शल्यचिकित्सक डॉ. प्रवीण गुप्ता यांनी फिशरच्या शस्त्रक्रियेनंतर लाल मिरचीचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. मिरची घेणाऱ्या गटाला वेदना आणि जळजळ अधिक झाली. २००८ मध्ये त्यांनी ताज्या फिशरच्या सुमारे ५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. यात त्याच रुग्णांना काही दिवस मिरचीच्या आणि काही दिवस औषधविरहित कॅप्सूल देण्यात आल्या. कोणती कॅप्सूल केव्हा दिली, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. मिरचीच्या दिवसांत त्यांचा त्रास वाढल्याचे दिसले.

इटलीतील संशोधकांनी २००६ मध्ये मूळव्याधीच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत मात्र मिरचीच्या एका मात्रेने लक्षणे वाढल्याचे आढळले नव्हते. दोन आजार एकच समजू नयेत, याचे हे आणखी एक उदाहरण.

या अभ्यासांचा अर्थ नीट घ्यायला हवा. मिरची खाल्ल्याने फिशर होते, असे त्यांतून सिद्ध होत नाही. चीर असताना मिरचीने आग वाढते, एवढेच दिसते. तेव्हा जखम भरेपर्यंत रस्सा दूर ठेवावा. तर्रीतले हरभरे मात्र तंतूंनी भरलेले असतात. ते सौम्य उसळीच्या रूपाने जरूर खावेत.

पहिले सहा आठवडे : घरी काय करावे?

ताज्या फिशरपैकी जवळपास निम्मी केवळ आहार, पाणी आणि शेक यांवर बरी होतात. १९८६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोमट पाण्यात बसणे आणि आहारात कोंडा घेणे या साध्या उपायांनी तीन आठवड्यांत ८७ टक्के रुग्णांची चीर भरली. केवळ बधिर करणारे मलम लावणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६० टक्के होते.

तंतुमय आहार : दोन हजार कॅलरीच्या आहारात दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत, अशी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. हे साधण्यासाठी महागडे पदार्थ लागत नाहीत. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, तर गव्हाच्या कणकेत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात. पांढरा तांदूळ आणि मैदा यांत ते तीन ग्रॅमही नसतात. पेरूत ते आठ ग्रॅमच्या वर असतात. ज्वारीची भाकरी, मेथी-पालकासारख्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, जवसाची चटणी (मिरची बेताने घालून) हे आपल्याकडचेच पदार्थ आहेत. संत्र्याचा रस गाळून पिण्यापेक्षा फोडी सालपटासकट खाव्यात. रस गाळला की तंतू चोथ्यातच राहतात. आहारातील बदल आठवडाभरात हळूहळू करावा, एकदम केल्यास पोट फुगते.

ईसबगोल : आहार पुरा पडत नसेल, तर रात्री एक-दोन चमचे ईसबगोलाची भुसी मोठ्या पेलाभर पाण्यातून घ्यावी. पाणी कमी पडले तर तिचा उलट परिणाम होतो. डॉक्टर काही वेळा मल मऊ करणारी पातळ औषधेही देतात. तीव्र जुलाबाची औषधे मनाने घेऊ नयेत. जुलाबानेही चीर चिघळते.

पाणी : लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी प्यावे. उन्हाळ्यात ताक, लिंबू-पाणी यांची जोड द्यावी.

कोमट पाण्यात बसणे : पसरट टबात बसता येईल एवढे कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः शौचानंतर, दहा-पंधरा मिनिटे बसावे. याने आवळलेला स्नायू सैल पडतो, असे मानले जाते. याबाबतही डॉ. गुप्ता यांची २००६ मधील चाचणी बोलकी आहे. पाण्यात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या रुग्णांच्या वेदनेत तीत मोठा फरक दिसला नाही, पण बसणाऱ्यांचे समाधान मात्र अधिक होते. म्हणून हा उपाय आराम देतो तोवर करावा, वसतिगृहात तशी सोय नसल्यास खंत करू नये. पाण्यात जंतुनाशके ओतण्याची गरज नसते, त्यांनी कातडी जळजळते. नंतर जागा न घासता मऊ कापडाने टिपून कोरडी करावी.

शौचाची सवय : भावना होताच जावे, जोर लावू नये आणि पाच मिनिटांहून अधिक बसू नये. मोबाइल बाहेर ठेवावा. कमोड वापरत असाल तर पायांखाली पाट किंवा लहान स्टूल घ्यावे. गुडघे वर आल्याने उकिडवे बसल्यासारखी स्थिती होते आणि मार्ग सरळ होतो.

वेदनेसाठी पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालते. दुखणे थांबले म्हणजे जखम भरली असे नव्हे. बरे वाटू लागताच आहार आणि ईसबगोल सोडणाऱ्यांना फिशर पुन्हा होण्याची शक्यता अधिक असते.

मलमांचे काम काय?

घरगुती उपायांनी दोन-तीन आठवड्यांत आराम पडला नाही, तर स्नायू सैल करणारी मलमे दिली जातात. डिल्टियाझेम आणि निफेडिपिन ही मूळची रक्तदाबाची औषधे मलमाच्या रूपात येथे वापरतात. नायट्रोग्लिसरीनचे मलमही मिळते. हृदयरोग्यांना जिभेखाली ठेवायला देतात त्या गोळ्यांच्याच गटातील हे औषध आहे. ही मलमे आतल्या स्नायूचा ताण कमी करून जखमेकडे रक्त पोहोचू देतात.

ती डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच लावावीत आणि सहसा सहा ते आठ आठवडे चालू ठेवावीत. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून मलम फेकून देणे ही नेहमीची चूक आहे. नायट्रोग्लिसरीनने अनेकांचे डोके दुखते. डिल्टियाझेमने हा त्रास कमी होतो. सिल्डेनाफिलसारख्या लैंगिक शक्तीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी नायट्रोग्लिसरीन मुळीच वापरू नये, कारण रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. स्टेरॉइड असलेली मलमे दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होते. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी कोणतेही मलम विचारूनच घ्यावे.

शस्त्रक्रिया केव्हा?

मलमाने गुण न आल्यास आतल्या स्नायूत बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन हा एक पर्याय असतो. त्याने स्नायू काही महिने सैल राहतो. परिणाम तात्पुरता असल्याने फिशर उलटण्याची शक्यता उरते.

जुनाट फिशरसाठी सर्वांत खात्रीची मानली जाणारी शस्त्रक्रिया म्हणजे आतल्या स्नायूचा थोडा भाग बाजूने छेदणे. आतला स्नायू छेदण्याची कल्पना दक्षिण आफ्रिकेतील शल्यचिकित्सक आयझेनहॅमर यांनी १९५१ मध्ये मांडली. बाजूने लहानशा छेदातून ती करण्याची पद्धत नोतारास यांनी १९६९ मध्ये ब्रिटनमधून मांडली. या शस्त्रक्रियेने ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. तिची एक जोखीम रुग्णाने आधी समजून घ्यावी. काहींचा वायू रोखण्यावरील आणि क्वचित पातळ मलावरील ताबा कमी होतो. बाळंतपणात स्नायूला इजा झालेल्या स्त्रियांमध्ये ही शक्यता लक्षात घेऊनच निर्णय घेतला जातो.

भूल देऊन गुदद्वार बोटांनी ताणण्याची जुनी पद्धत याच कारणाने मागे पडली, कारण तीत स्नायू किती फाटेल यावर नियंत्रण नसते. ‘लेसर’ हा शब्द जाहिरातीत आकर्षक वाटतो. तरी रुग्णाने विचारायचे प्रश्न तेच आहेत : नेमके काय कापणार? ताबा जाण्याची शक्यता किती? मलमाचा पूर्ण प्रयत्न झाला आहे का?

‘परिकर्तिका’ आणि भिंतीवरच्या जाहिराती

हे दुखणे आपल्या वैद्यांना नवे नव्हते. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ‘परिकर्तिका’ ही संज्ञा येते. कात्रीने कापल्यासारखी वेदना, असा तिचा अर्थ. चुकीच्या रीतीने दिलेले विरेचन किंवा बस्ती यांचा उपद्रव म्हणूनही तिचे वर्णन आहे. नैसर्गिक वेग रोखू नयेत, हे सांगण्यासाठी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक स्वतंत्र अध्याय आहे. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील, तर ते पदवीधर वैद्यांकडून, तपासणीनंतर घ्यावेत.

बसस्थानकाबाहेरील भिंतींवर ‘विनाऑपरेशन, गॅरंटीने’ अशी आश्वासने देणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. या जागी जळजळीत औषधे लावणे किंवा अशिक्षित हातांनी इंजेक्शन देणे यातून मोठी जखम होते, गुदमार्ग आक्रसतो, कधी कायमचा ताबा जातो. मुळात निम्म्या रुग्णांना आहाराने बरी होणारी चीर अशा उपचारांनी आयुष्यभराचे दुखणे बनते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पुढीलपैकी काहीही असल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तपासणी करून घ्यावी.

- ताप, सूज किंवा पू येणे
- बरेच रक्त जाणे, काळपट रक्त, किंवा चक्कर येणे
- वजन घटणे, दीर्घकाळ जुलाब किंवा पोटदुखी
- शौचाच्या सवयीत अकारण बदल
- घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे
- सहा ते आठ आठवड्यांत जखम न भरणे

चीर मध्यरेषेऐवजी बाजूला असेल, एकाहून अधिक असतील किंवा मुळीच दुखत नसेल, तर डॉक्टर क्षयरोग, क्रोन्स नावाचा आतड्याचा विकार, एचआयव्ही किंवा सिफिलिस यांची शक्यता तपासतात. ‘तरुण वयात रक्त गेले म्हणजे मूळव्याधच’ असे गृहीत धरू नये.

डॉक्टरांकडे जाताना

फिशरसाठी जनरल सर्जनकडे जावे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांत शल्यचिकित्सा विभाग आहेत. तपासणीची भीती अनेकांना अडवते. प्रत्यक्षात कुशीवर झोपवून नितंब हलकेच बाजूला केले, की बहुतेक फिशर नुसत्या डोळ्यांनी दिसते. तीव्र दुखत असताना बोट किंवा दुर्बीण घालण्याचा आग्रह सहसा धरला जात नाही, आणि तसे नको असल्याचे रुग्ण स्पष्ट सांगू शकतो. स्त्री रुग्णांना महिला डॉक्टरांची किंवा तपासणीच्या वेळी सोबत महिला असण्याची मागणी करता येते.

दुखणे कधीपासून आहे, शौच किती दिवसांनी होते, रक्त किती जाते आणि कोणती औषधे घेतली, या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. तोंडाने सांगताना अवघडल्यासारखे झाले, तर तो कागद पुढे करावा. घरातल्या किंवा खोलीतल्या एका तरी विश्वासाच्या माणसाला कल्पना द्यावी. जेवणात बदल, टबाची सोय आणि सकाळची दहा मिनिटे यासाठी कोणाची तरी साथ लागते. पालकांनीही मुलगा किंवा मुलगी जेवण टाळते, स्वच्छतागृहातून रडवेल्या चेहऱ्याने बाहेर येते, असे दिसले तर रागावण्याऐवजी विचारावे.

दर दिवशी सर्जनच्या ओपीडीत हे दुखणे घेऊन कोणी ना कोणी येतच असते. डॉक्टरांच्या दृष्टीने ती एक साधी जखम आहे आणि पहिल्या सहा आठवड्यांत दाखवली तर बहुधा साध्या उपायांनीच भरणारी आहे.